उत्तर: जंजिरा आणि कुलाबा एका दिवसात, रांगा कशा टाळायच्या?

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.
अमेरिकेहून डिसेंबरच्या भारतवारीत येणाऱ्या आपल्या चाळीस जणांसाठी किनाऱ्यावरचा एक दिवस ठरवतोय. कच्चा बेत असा: शनिवारी सकाळी गेटवेहून लाँचने मांडवा, बसने अलिबाग, कुलाबा किल्ला, काशीदला जेवण, दुपारी जंजिरा, रात्रीपर्यंत परत मुंबई. मुलं विचारताहेत की ऑर्लँडोच्या थीम पार्कांसारखा जादा पैसे भरून रांग चुकवायचा पास तिथे मिळतो का. जाणकारांनी बेत निःसंकोच खोडावा.

———

प्रेषक: नाना, अलिबाग

पास मिळत नाही. पण तो नसला तरी चालतं, कारण इथली रांग दोनच गोष्टींवर ठरते: मुंबईची लाँच आणि समुद्राचं पाणी. दोन्हींच्या वेळा आधी कळतात.

तुमचा बेत म्हणजे मुंबईहून निघणाऱ्या प्रत्येकाचा बेत. सगळे साडेनऊला मांडव्याला उतरतात, अकराला अलिबागेत आणि एक-दीडला जंजिऱ्याच्या होड्या सुटतात त्या राजपुरीच्या जेटीवर. अकरा ते तीन ही तिथली सगळ्यात वाईट वेळ, त्यात डोक्यावर ऊन. म्हणून दिशा उलटी करा. आदल्या रात्री मुरुडला मुक्काम, सकाळी आधी जंजिरा, मग उत्तरेकडे सरकत अलिबाग. राजपुरी मुरुडपासून चार-पाच किलोमीटर. साडेसातला जेटीवर या आणि पहिल्या होड्यांत बसा. अमेरिकेहून आलेली मंडळी पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनलाच टक्क जागी असतात, त्याचा उपयोग करून घ्या.

आता वार आणि तिथी. शनिवार-रविवार सोडाच. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेत जंजिऱ्याच्या होड्या थांबतात. पण मधले वारही मोकळे धरू नका, डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना आहे. रात्रभर प्रवास करून आलेल्या लाल बसगाड्या सकाळीच राजपुरीला लागतात. एका शाळेची मुलं मोजून होडीत बसवेपर्यंत चांगला अर्धा तास जातो. दोन-तीन बसगाड्या दिसल्या तर तिथे उभं न राहता खोरा बंदराकडे वळा, तिथूनही होड्या सुटतात.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, तेव्हा पाण्याची वेळ काढायलाच हवी. मुंबई-अलिबागसाठी जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. सप्तमीला भरती सव्वापाचला, ओहोटी अकराच्या सुमाराला. अष्टमीला ओहोटी बारा वाजता. अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, म्हणून मुंबई बंदराच्या तक्त्याशी ताडून घ्या.

यात एक मेख आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं, वाट कोरडी पडते, पण ती ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. अष्टमीच्या सुमाराला ओहोटी सोयीची, भर दुपारची, पण तेव्हा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, असतो. पाणी फारसं हटत नाही आणि वाटेत घोटा-गुडघाभर राहतं. नवमी-दशमीला तर आणखी सुस्त. चतुर्थीची ओहोटी चांगली, पण सकाळी नऊची, आणि तेव्हा तुम्ही जंजिऱ्यात. एका दिवसात दोन्ही बसवायचे तर सप्तमी घ्या. जंजिऱ्याहून साडेनऊपर्यंत बाहेर, पन्नासेक किलोमीटर, पावणेदोन तास, सव्वाअकराला अलिबागचा किनारा. पाणी वळायच्या बेताला तुम्ही चालायला लागता. जायला वीस-पंचवीस मिनिटं, किल्ल्यात अर्धा-पाऊण तास, साडेबारा-पाऊणपर्यंत परत. त्यापुढे रेंगाळू नका. पाणी समोरून येताना दिसत नाही, मधल्या खोलगट भागात आधी भरतं आणि मग माणसं किल्ल्याच्या बाजूला अडकून बसतात. भरतीत होड्या चालतात, पण मग त्यांची रांग.

चंपाषष्ठीचा दुसरा दिवस बघा: मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, आणि बहुधा नाताळच्या आधी. मंगळ ते गुरू यांत पडली तर दुसरी तारीख शोधू नका.

जंजिऱ्यातली खरी रांग तिकिटाची नाही, उतरायची आहे. दरवाजाच्या पायऱ्यांशी एका वेळी एकच होडी नीट लागते. मागच्या होड्या लाटांवर डुलत थांबतात, पोटात ढवळतं ते इथे. पहिल्या होड्यांना हा त्रास नाही. आत साधारण पाऊण तास मिळतो आणि आलात त्याच होडीने परतायचं असतं, म्हणून होडीचं नाव किंवा क्रमांक फोनवर टिपून ठेवा. चाळीस जणांचे दोन गट करा, प्रत्येकाला एक म्होरक्या. दरवाजातल्या शरभाच्या शिल्पापाशी सगळे घोळका करतात. ते शेवटी बघा. आधी सरळ वर चढा, गोड्या पाण्याचा तलाव, मग कलालबांगडी तोफ, आणि परतताना शिल्प. तोवर तिथली गर्दी पांगलेली असते.

———

प्रेषक: माई, चौल

नानांच्या तिथीला माझा दुजोरा. मार्गशीर्ष पौर्णिमा आणि तिच्या पुढच्या चार तिथी मात्र घेऊ नका. दत्तजयंतीपासून चौल-भोवाळ्याच्या दत्ताची यात्रा पाच दिवस असते, आणि रेवदंड्याहून अलिबागला यायचा रस्ता यात्रेच्याच अंगावरून जातो. सकाळी ठीक, पण चारनंतर गाडी हलत नाही.

जेवण काशीदला नको. एक ते अडीच तिथे खानावळीबाहेर ताटकळत बसावं लागतं. कुलाब्याहून आल्यावर दीडला अलिबागेतच जेवा. आदल्या दिवशी दुपारीच फोन करून ताटं मोजून सांगा: सुरमई किती, बांगडा किती, शाकाहारी किती. मासळी सकाळी घेतात. आयत्या वेळी चाळीस माणसं गेली तर तळायला तवा पुरत नाही, भात संपतो आणि तासभर नुसती सोलकढी पीत बसता. गुरुवार असेल तर मार्गशीर्षामुळे बऱ्याच जणी मासे खाणार नाहीत, तो आकडा आधी घ्या, नाहीतर शाकाहारी ताटांची ओढाताण होते.

स्वच्छतागृहाची सोय मुक्कामावरच उरका. किल्ल्यांत तिचा भरवसा धरू नका, आणि जेटीवर बायकांची रांग होडीच्या रांगेपेक्षा लांब.

पैशांचं: भारतीय खातं जोडलेलं नसेल तर यूपीआयच्या भरवशावर राहू नका. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा म्होरक्याकडे द्या. पाचशेची नोट काढली की सुट्ट्यांवरून मागची पंधरा माणसं खोळंबतात.

———

प्रेषक: सहल समिती

नाना, माई, आभार. बेत बदलला, मुरुडच्या मुक्कामाची चौकशी सुरू केली. दोन शंका. सत्तरीपुढचे सहा जण आहेत, त्यांचं काय? आणि ओसीआयवाल्यांना (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकांना) परदेशी पर्यटकाचं तिकीट पडतं का?

———

प्रेषक: नाना, अलिबाग

ओसीआयचं आधी. कुलाब्याचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं: भारतीयांना २५ रुपये, परदेशी नागरिकांना ३००. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे स्मारकांच्या प्रवेशशुल्कात ओसीआयधारक भारतीयांच्या बरोबरीने धरले जातात. मूळ कार्ड जवळ हवं, फोनमधल्या फोटोवरून वाद होतो आणि खिडकी अडते. सगळी कार्डं एकाच माणसाकडे द्या, तो पुढे जाऊन एकदम तिकिटं काढेल.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जंजिऱ्याला होडीतून उतरायच्या भानगडीत पडू नये. होडी वरखाली होत असते, पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि हात धरणारा खलाशी असला तरी पाऊल आपल्यालाच टाकायचं असतं. राजपुरीला उतरताना घाटीवरून किल्ला अख्खा दिसतो, गाडी तिथे थांबवा. मुरुडच्या किनाऱ्यावरून समुद्रातला पद्मदुर्ग किल्लाही दिसतो. कुलाब्याला मात्र सहाही जण येऊ शकतात, ओहोटीत घोडागाडी थेट किल्ल्याच्या दरवाजाशी जाते. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, तिथे सावलीत बसता येतं. गाडीचा दर बसण्याआधी ठरवा आणि जाऊन-येऊन असाच बोला. फक्त जायचं ठरवलं तर पाणी चढायला लागल्यावर परतीचा भाव वेगळा ऐकायला मिळतो.

परतीचं आजच करा. मांडव्याहून मुंबईत भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या, गाड्या वाहून नेणाऱ्या रो-रो बोटीवर गाड्यांच्या जागा ऑनलाइन मिळतात, आणि परतीच्या फेऱ्या आधी भरतात. साडेचारनंतरची फेरी घ्या. अलिबाग ते मांडवा वीसेक किलोमीटर, पण रस्ता अरुंद, एक तास हातात ठेवा. टेम्पो ट्रॅव्हलरची उंची-लांबी आरक्षणात खरी लिहा. छोटी गाडी म्हणून नोंदवलेली मोठी निघाली तर धक्क्यावर बाजूला उभी करतात.