‘शुद्ध’ धैवत नक्की कुठला?

प्रश्न:
माटुंग्याला एका बाईंकडे कर्नाटक संगीत शिकायला लागलेय. त्याआधी काही वर्षं हिंदुस्थानी. परवा बाईंनी हिंदोळम राग काढला. स ग म ध नि, पाचच स्वर. गांधार (ग) साधारण, निषाद (नि) कैशिकी, म्हणजे आपले कोमल, एवढं पाठ होतं. धैवत (ध) ‘शुद्ध’ म्हणाल्या, मी खुशाल आपला शुद्ध लावला. बाई हसायलाच लागल्या. गळ्यातून बागेश्री रागाचा आरोह निघाला होता! मग शुद्ध म्हणजे काय?

प्रतिसाद:
ताई, तिकडचा शुद्ध धैवत म्हणजे आपला कोमल. तिकडे बारा स्वरस्थानांना सोळा नावं आहेत. रे, ग, म, ध, नि यांचं सगळ्यांत खालचं स्थान ते ‘शुद्ध’. आपला शुद्ध रे तिकडे चतुःश्रुती, शुद्ध ग अंतर, शुद्ध नि काकली. मध्यमापुरतं तेवढं दोघांचं जमतं. तुमचा हिंदोळम म्हणजे सरळ मालकंस. आपला हिंदोल वेगळा, त्यात मध्यम तीव्र.

प्रतिसाद:
‘सरळ मालकंस’ नको हो! स्वर तेच, चाल निराळी. इथे दुसरा फसवा शब्द येतो, ‘गमक’. आपल्याकडे गमक म्हटलं की छातीतून घुमवलेली तान. तिकडे स्वराचा कंप, झोल, घसरण, सगळं गमकच. त्यागराजांची हिंदोळममधली ‘सामजवरगमना’ ही रचना ऐका आणि फक्त गांधार-निषादाकडे कान द्या. मालकंसातला ठेहराव तिथे शोधू नका.

प्रतिसाद:
थोडं विषयांतर. ‘औडव’ हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच. उडु म्हणजे तारा, तारे जिथे फिरतात ते उडव, म्हणजे आकाश. पंचमहाभूतांत आकाश पाचवं, म्हणून पाच स्वरांचं ते औडव. व्युत्पत्ती जरा ओढूनताणून वाटते खरी, पण ‘संगीतरत्नाकरा’त दिलीय. तो लिहिणारा शार्ङ्गदेव 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता, म्हणजे आपल्या दौलताबादचाच. आणि कृपा करून ‘ओडव’ लिहू नका.

मूळ प्रश्नकर्ती:
आभार सगळ्यांचे. आज धैवत जागेवर बसला. निषादाला कंप द्यायला गेले की तो अजून षड्जाला जाऊन आदळतो. बाई म्हणाल्या, ‘‘आधी नुसता नि-स, नि-स म्हण, सावकाश. मग झोल दे.’’