मदत हवी आहे: कॅसेट लॅपटॉपमध्ये घेताना आवाज फाटतोय

तांबडी_माती
आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या तीन कॅसेटी आहेत, १९८७ सालच्या. वायर जोडली, ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) टाकलं, रेकॉर्ड होतंय पण आवाज पार फाटतोय. कमी केला तरी तेच. रविवारी सगळी भावंडं जमणार, त्याआधी हवंय. यूट्यूबचे दुवे नकोत, सहा व्हिडिओ बघून झालेत.

वायरमन_काका
कशातून कशात जोडलीत? प्लेअर कुठला? लॅपटॉपच्या कुठल्या भोकात? आवाज कमी कुठे केला, टेपवर की लॅपटॉपवर?

जुनं_ते_सोनं
एवढा खटाटोप कशाला? टेपसमोर मोबाइल ठेवा, पंखा बंद करा, झालं. वडिलांची कीर्तनं मी अशीच घेतली. घरच्या ग्रुपवर सगळ्यांना आवडली.

पुणेरी_पगडी
ग्रुपवर सगळ्यांना सगळंच आवडतं. कीर्तनात कुकरची शिट्टीही आली असेल.

जुनं_ते_सोनं
एकदाच आली.

तबकडीवाला
माझ्याकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत, टर्नटेबल ३३ आणि ४५ फेऱ्यांचंच. ४५ वर वाजवून नंतर संगणकात वेग वाढवला तर चालेल का?

तांबडी_माती
टू-इन-वनच्या (रेडिओ आणि टेप एकत्र) हेडफोनच्या भोकातून, लॅपटॉपच्या माइकचं चित्र असलेल्या भोकात. आवाज लॅपटॉपवर कमी केला.

वायरमन_काका
तिथेच घोळ आहे. माइकचं भोक काही मिलिव्होल्टसाठी असतं, हेडफोनमधून त्याच्या कितीतरी पट येतं. आत शिरतानाच फाटलेला आवाज नंतर कमी केलात तर फाटकाच कमी होणार. टेपवरचा आवाज जेमतेम ठेवून बघा. नीट करायचं तर लाइन-इन (टेपसारख्या यंत्राचा जोरकस आवाज झेपणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

पुणेरी_पगडी
पुण्यात तपकीर गल्लीत स्वस्तात मिळेल.

वायरमन_काका
स्वस्तातल्यांना बहुतेक माइकचंच भोक असतं. म्हणजे पुन्हा तेच रडगाणं. लाल-पांढरी भोकं बघून घ्या.

रत्नांग्रीकर
वायरी राहू द्या, फीत बघितलीत का? आमच्याकडे पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. तशीच लावलीत तर हेडला (टेपमधला फीत वाचणारा भाग) बसते आणि बाकीच्या कॅसेटींनाही लागते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडा! मी एकदा प्लेऐवजी रेकॉर्ड दाबलं. मामाच्या लग्नातल्या मंगलाष्टकांत आता १४ सेकंद माझंच ‘अरे अरे’ आहे.

जुनं_ते_सोनं
मोबाइल नको तर सरळ दुकानात द्या.

पुणेरी_पगडी
दिलं होतं. प्रत्येक गाण्याआधी दुकानदाराने स्वतःची जाहिरात घालून दिली.

तांबडी_माती
कार्ड आणलं. फाटणं थांबलं. पण आता फक्त डाव्या कानात येतंय!! आणि आजी गोधडीतून बोलल्यासारखी वाटते.

वायरमन_काका
टू-इन-वनला एकच स्पीकर आहे ना? मग मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्याला वेगळा आवाज नाही, हे आधी सांगायचं. मोनो भोकात स्टिरिओ पिन घातली की उजवी बाजू कोरडी राहते. ऑडॅसिटीत मोनो निवडा.
गोधडीचं कारण बहुधा हेड तिरकं असणार. हेडशेजारी स्प्रिंगवाला स्क्रू दिसेल. आधी जागेची खूण करा, मग कॅसेट वाजत असताना अगदी किंचित फिरवा, ‘स’ आणि ‘च’ खुलेपर्यंत. पाव फेराही नको. आणि फाइल डब्ल्यूएव्हीच (आवाज न दाबता ठेवणारी) ठेवा. सेकंदाला ४४१०० नमुने, १६ बिट, मोनो म्हणजे मिनिटाला ५ एमबीच्या आसपास, ९० मिनिटांची कॅसेट साधारण ४७५ एमबी.

पुणेरी_पगडी
जात्याच्या घरघरीला डब्ल्यूएव्ही? चांगल्यातल्या, ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये फरक ओळखून दाखवा.

वायरमन_काका
भावंडांना एमपी३ वाटा की, कोण नको म्हणतंय? ठेवायला डब्ल्यूएव्ही. एमपी३ पुन्हा कापून जतन केलीत की दर वेळी थोडं झिजतं.

तांबडी_माती
स्क्रूने कमाल केली! मागे बांगड्यासुद्धा ऐकू येतायत. पण ४५ मिनिटांच्या बाजूला ४५ मिनिटं बसावंच लागतं हे कुणी बोललं नाही. दोन झाल्या. तिसरी जागच्या जागी अडकते.

रत्नांग्रीकर
बाहेर काढा, पेन्सिल घाला, हाताने थोडी पुढे-मागे फिरवून सैल करा. मग टेपवर एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे. तुकडे मोडलेत ना?

तांबडी_माती
सुटली. पण पाच मिनिटांनी ओव्या संपतात. काकाने वरून क्रिकेटची कॉमेंट्री भरलीय. दोन्ही बाजूंना.

पुणेरी_पगडी
कुठली मॅच?

तबकडीवाला
७८ चं कुणी सांगतंय का?

वायरमन_काका
वेग वाढवून चालेल, पण सुई जाड लागते. वेगळा धागा काढा.