गल्लीतल्या मांजरांना नुसते खाऊ घालणे ही भूतदया आहे का?

कौलावरची :
कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या गल्लीत, पडक्या वाड्याच्या मागे, सध्या अकरा मांजरे आहेत. दोन वर्षांपूर्वी तीन होती. कोणी गंगावेशीतून आणलेल्या दुधाची वाटी कट्ट्यावर ठेवते, कोणी रविवारी तांबड्या रश्श्यातली हाडके कोपऱ्यावर ओतते. माझ्या मते नसबंदीचा विचार न करता असे खाऊ घालणे म्हणजे पुढच्या पिल्लांच्या हालांची तरतूद करणे होय. भाटी (मादी मांजर) चार-पाच महिन्यांची होताच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांनी विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही, त्यांना हगवण लागते. आणि रश्श्यातला कांदा-लसूण तर त्यांना विषारीच असतो. वाटी ठेवणाऱ्याने पिंजरा लावून मांजर पकडण्याची आणि नसबंदी करून पुन्हा सोडण्याचीही तयारी ठेवावी, असे मला वाटते.

तालमीशेजारचा :
ताई, आपला हेतू चांगला आहे, पण उपाय मला अजिबात पटत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या माळ्यावरच्या गाद्यांत भाटी व्याली आणि तो वास महिनाभर घरातून हटला नाही. आपण मांजरे पकडणार, शस्त्रक्रिया करणार आणि पुन्हा आमच्याच दारात आणून सोडणार, मग आम्हाला त्याचा उपयोग काय? एकदाची पकडून लांब कुठेतरी सोडून द्यावीत.

कौलावरची :
काका, लांब सोडलेले मांजर अनोळखी जागी अनेकदा उपासमारीने किंवा मारामारीत मरते आणि आपल्याकडे उकिरडा व आडोसा तसाच राहिल्यामुळे रिकाम्या जागेत दुसरी, नसबंदी न झालेली मांजरे येतात. उलट नसबंदी झालेला बोका रात्रीची भांडणे आणि भिंतींवर मुतणे बरेच कमी करतो. मागच्या महिन्यात आम्ही पिंजऱ्यात सुकट ठेवली होती. पांढरी भाटी तासभर बाहेरूनच वास घेत बसली, मग एकेक पाऊल टाकत आत गेली. पत्र्यावर पाय पडताच दार खाली आले आणि तिने जी धडपड सुरू केली ती पाहून माझेच हात कापू लागले. वरून जुनी चादर टाकली तशी ती दोन मिनिटांत गप्प झाली. भूल उतरून ती सावरेपर्यंत तिला घरात ठेवले. आता नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या डाव्या कानाचे टोक छाटलेले आहे, त्यामुळे तिला पुन्हा कोणी पकडणार नाही.

पंचगंगाकाठ :
मी नेमकी वाटी ठेवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहिते. 2019 च्या महापुरात शुक्रवार पेठेत पाणी शिरले तेव्हा कौलांवर अडकलेल्या मांजरांना आम्ही काठीला पिशवी बांधून भात पोहोचवला. त्या वेळी नसबंदीचा हिशेब कोण करणार होते? मुक्या जनावराला रात्रभर उपाशी ठेवून पकडायचे आणि त्याचे पोट चिरायचे, हे मला निर्दयपणाचे वाटते. शिवाय एका भाटीच्या शस्त्रक्रियेच्या खर्चात कितीतरी दिवस किती मांजरांचे पोट भरेल, याचाही विचार व्हावा. रश्श्याबद्दलचे मात्र मान्य आहे; साधा भात आणि बिनमसाल्याचे मासे घालता येतील.

कौलावरची :
महापुरातील गोष्ट वेगळी, तेथे मीही भातच दिला असता. परंतु मोटारीखाली चिरडलेली तीन पिल्ले मी स्वतः उचलली आहेत, आणि वर्षातून दोन-तीनदा विणाऱ्या भाटीपेक्षा भुलीखालील एक शस्त्रक्रिया मला कमी क्रूर वाटते.

जुना रहिवासी :
दोन व्यवहाराच्या गोष्टी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असावी. आपला कट्टा तर शाळेच्या वाटेवरच आहे. दुसरे असे की, भटके मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे, कारण रेबीज मांजरापासूनही होतो. पिंजरा हाताळणाऱ्यांनी जाड हातमोजे घालावेत.

तालमीशेजारचा :
माझे मत बदललेले नाही. तरीही पिंजरा आमच्या परसात ठेवायला हरकत नाही, कारण ती रोज तेथूनच जातात. मात्र माळ्याच्या झरोक्याला जाळी बसवल्याखेरीज मी कोणाच्याही वाटीला संमती देणार नाही.

पंचगंगाकाठ :
जाळीचे अर्धे पैसे मी देते. भाटीचे काय ते मला अजून ठरवता आलेले नाही.