मदत हवी आहे: गाडीची वॉरंटी संपतेय, पुढे कंपनीतच टाकायची की बाहेरच्या मिस्त्रीकडे? (इंदूर)

सुदामानगरी:
मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा इकडे डोकं घाला. आमच्याकडे २०२० च्या शेवटी घेतलेली पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ चं चार सिलिंडर इंजिन, मॅन्युअल गिअर, साठ हजार किमीच्या थोडी वर चाललीय. मूळ वॉरंटी आणि वर पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड धरून पाच वर्षं आता संपताहेत. गाडी कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कुठली कंपनी भारी यावरच मारामारी सुरू होईल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

वापर सांगतो. मी रोज सुदामा नगरहून विजय नगरला जातो म्हणजे अख्खं गाव आडवं पार करायचं, पहिला-दुसरा गिअर, पहिला-दुसरा गिअर, तिसरा लागला तर नशीब. बाबांना दवाखान्यात न्यायचं, पोरीचे क्लास, शनिवारी रात्री पाहुणे आले की सराफ्याच्या खाऊगल्लीत. आणि मे महिन्यात आणि दिवाळीनंतर नाशिकला बायकोच्या माहेरी, मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट करत धुळ्यावरून, पाच माणसं आणि डिकीत काठोकाठ सेवची पाकिटं कारण तिकडच्या नातेवाइकांना इंदूरची सेव सोडून दुसरं काही चालत नाही.

तर आत्ता वॉरंटी संपायच्या आत शेवटची सर्व्हिसिंग म्हणून चौकशी केली तर तिथल्या ॲडव्हायजर मुलाने टॅबलेटवर बोट फिरवत फिरवत २०,६०० चं एस्टिमेट काढलं. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, कूलंट, मजुरी हे आलंच, त्याशिवाय पुढचे ब्रेक पॅड २,९००, इंजिन डीकार्बनायझिंग (आतली काजळी काढणं) १,८००, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी क्लिनिंग १,९००, एसी डिसइन्फेक्टंट ९५०, खालून अँटी-रस्ट कोटिंग २,९००. मी म्हटलं पॅड गेलेत हे चाक न काढता कसं कळलं, तर म्हणाला सर साठ हजारला बदलतातच. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षाची वॉरंटी घ्या म्हणून सतरा हजार वेगळे.

आता घरात तीन पार्ट्या झाल्यात. बाबांचं म्हणणं कंपनी सोडायची नाही, त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं फाइलमध्ये लावलेली आहेत, विकताना उपयोगी पडतात म्हणतात. मेव्हणा म्हणतो छोटी ग्वालटोलीतून पार्ट आण आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून घे, अर्ध्यात काम. बायको म्हणते जीएसटी कमी झालाय तर विकून नवीनच घेऊ, तिच्याशी मी वाद घालत नाही.

माझे प्रश्न असे की यातलं खरंच गरजेचं काय, वॉरंटी वाढवावी का, आणि यापुढे वर्षाला गाडीपायी साधारण किती बाजूला काढून ठेवायचे. अजून एक, खड्ड्यातून हळू जाताना पुढच्या डाव्या बाजूने टक टक असा आवाज येतो, जोरात गेलं की येत नाही. ॲडव्हायजर म्हणाला सस्पेंशन बघावं लागेल, हे बघावं लागेल ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

पीथमपूर_रिटायर्ड:
एस्टिमेट बाजूला ठेव आणि ग्लोव्ह बॉक्समधलं ओनर्स मॅन्युअल काढ. मागच्या पानांत मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता असतो, कुठल्या किलोमीटरला किंवा कितव्या महिन्यात काय बदलायचं आणि काय नुसतं तपासायचं, दोन्हीसाठी वेगळी अक्षरं असतात. तक्त्यात जे 'बदला' म्हणून लिहिलंय ते करायचंच, कंपनीत कर नाहीतर बाहेर कर. जे तक्त्यात नाहीच ते कशासाठी हे ॲडव्हायजरला विचारायचं. डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लिनिंग, डिसइन्फेक्टंट यातलं काहीही तुझ्या तक्त्यात सापडायचं नाही असं मी आत्ताच लिहून देतो. गाडी आयडलिंगला थरथरत असेल, पिकअप मेला असेल तर गोष्ट वेगळी. अँटी-रस्ट मुंबईत, कोकणात समजू शकतो, इंदूरच्या कोरड्या हवेत २,९०० कशाला.

ब्रेक ऑइलला मात्र नाही म्हणू नकोस. बहुतेक गाड्यांत दोन वर्षं किंवा चाळीस हजार असं असतं आणि लोक हेच टाळतात, कारण त्याने गाडी चालवताना काही फरक जाणवत नाही. ते ऑइल हवेतला ओलावा ओढतं, जितकं पाणी जास्त तितक्या कमी तापमानाला ते उकळतं. तू नाशिकला जाताना मानपूरच्या पुढे जो उतार उतरतोस तिथे पाच माणसं घेऊन ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलास की पॅड दाबणारे कॅलिपर तापतात, आतल्या पाण्याची वाफ होते, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, मग पेडल मऊ पडतं आणि सरळ खाली जातं. गणपती घाटात ट्रकचे ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या आपण इतकी वर्षं वाचल्यात, ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्यांचं गणित वेगळं, पण लांब उतारावर ब्रेक तापतात हे दोघांनाही लागू. तिसऱ्या, गरज पडली तर दुसऱ्या गिअरवर उतर. आणि ब्रेक ऑइलची ग्रेड डॉट ३ की डॉट ४ ते त्याच्याच टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घाल.

पॅडचं म्हणशील तर चाक काढून मोजायला लाव. नवीन पॅडचं मटेरियल साधारण दहा मिमी असतं, तीनच्या आसपास आलं की बदलायचं. साठ हजारला बदलतातच हे काही कारण झालं नाही.

टक टक आवाज म्हणजे नव्वद टक्के स्टॅबिलायझर लिंक रॉड, सस्पेंशनमधली एक छोटी जोडदांडी. घाबरायचं कारण नाही, स्वस्त पार्ट आहे, दोन नट खोलले की हातात येतो. आधी खात्री कर मग बदल, पूर्ण सस्पेंशन खोलायला कोणी निघाला तर गाडी घेऊन बाहेर पड.

सुदामानगरी:
काका खूप धन्यवाद, तक्ता काढून बसलोय. खरंच त्या चारातलं एकही नाही. कूलंट आणि प्लग आहेत. वॉरंटीचं काय करू?

पीथमपूर_रिटायर्ड:
वॉरंटी कार्डावर काय काय वगळलंय ते आधी वाच. क्लच प्लेट, पॅड, रबर बुश, बॅटरी, टायर, वायपर, म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी खरोखर जे जातं ते सगळं 'वेअर अँड टेअर' म्हणून बाहेर असतं. आत असतं इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग. हे गेलं तर दणका मोठा पण साध्या मॅन्युअल पेट्रोलमध्ये पाच वर्षं धड चाललेलं सहसा लगेच जात नाही. ऑटोमॅटिक असती, टर्बो असती, तर मीच म्हटलं असतं सतरा हजार भर आणि झोप निवांत. तुझ्या गाडीला मी भरले नसते. शिवाय ती घेतली की दोन वर्षं सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच करणं आलं, म्हणजे ते २०,६०० वालं एस्टिमेट दरवर्षी.

भिया_पुणेकर:
मूळचा रामबागचा, आता पुण्यात. माझी पण अशीच गाडी, आठवं वर्ष, पाच वर्षांनंतर कंपनीचं तोंड बघितलं नाही. फक्त एक सांगतो, मिस्त्री ओळखीचा असला तरी ऑइल आपण स्वतः घेऊन जायचं आणि डबा आपल्यासमोर फोडायचा. आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलीय तीच. हल्लीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ सांगितलेलं असतं आणि जुने मिस्त्री "इतकं पाण्यासारखं ऑइल, इंजिन खाईल भिया" म्हणून २०डब्ल्यू-४० ओततात. तो प्रेमानेच करतो पण ॲव्हरेज पडतं ना आपलं. जुनं फिल्टर, जुने पॅड सगळं परत मागायचं, डिकीत टाकून घरी आणायचं. मी पहिल्यांदा मागितलं तेव्हा आमच्या मिस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आता न मागता पिशवीत भरून देतो.

स्टेपनी:
नमस्कार, मी राजेंद्र नगरची. आमच्या घरी गाडीचं सगळं मीच बघते. सर्व्हिसिंगच्या खर्चावरून एवढी चर्चा चाललीय पण तुमचा मोठा खर्च तो नाहीच. पाच वर्षांत साठ हजार म्हणजे वर्षाला बारा हजार किमी. गावातल्या वापराला सोळाचं ॲव्हरेज धरा, झाले ७५० लिटर, इंदूरला पेट्रोल एकशे सहाच्या आसपास म्हणजे ऐंशी हजारांच्या घरात फक्त पेट्रोल. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी तपासली, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्याप्रमाणे भरली, तर त्यात डीकार्बनायझिंगपेक्षा जास्त वाचतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आणि तुमची गाडी २०२३ च्या आधीची, या पेट्रोलसाठी खास न बनवलेली, म्हणजे ॲव्हरेज थोडं खाली येणारच, त्यासाठी कोणी इंजिन खोलायला सांगितलं तर ऐकू नका.

दुसरं इन्शुरन्स. पाच वर्षं झाली की बऱ्याच कंपन्या झिरो डेप (पार्ट जुने झाले म्हणून क्लेममधून पैसे न कापणारं कव्हर) देत नाहीत किंवा महाग देतात, काही सात वर्षांपर्यंत देतात, त्या शोधा. झिरो डेप नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबराचे अर्धे पैसे तुमचे, आणि पाच वर्षांवरच्या गाडीला लोखंडी पार्टवर चाळीस टक्के कापतात. हल्ली पुढून ठोकली की बंपर, ग्रिल, हेडलाइट सगळं प्लास्टिकच असतं. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग कुठेही घ्या सारखाच, तुमच्या इंजिनच्या गटाला जून २०२२ ला ठरलेला ३,४१६ अधिक जीएसटी, घासाघीस करायची ती उरलेल्या भागावर. पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, पन्नास टक्के होतो आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, वहिनींनी नवीन गाडी घ्यायला लावलीच तर तिकडे नेता येतो.

एसी फिल्टर घरी बदला. ग्लोव्ह बॉक्स खाली ओढला की मागे पट्टीसारखं झाकण दिसतं, जुना काढा, नवा बाणाची दिशा बघून सरकवा, झालं. आमच्यातून गेल्या वेळी पिंपळाची पानं आणि एक अख्खा मेलेला नाकतोडा निघाला होता. आणि एसी थंड होत नाही म्हणून कोणी नुसता गॅस भरून दिला तर पैसे देऊ नका, गॅस संपत नसतो, कुठूनतरी लीक होतो, आधी लीक शोधायला सांगा.

पार्टांचे जुने भाव कोणी सांगितले तर तेही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळे ऑटो पार्ट १८ टक्क्यांत आलेत, आधी बरेचसे २८ मध्ये होते. टायर पण.

सुदामानगरी:
ताई हे फारच कामाचं सांगितलंत. अपडेट देतो. काल गाडी कंपनीतच टाकली, वॉरंटी अजून शिल्लक आहे तोवर बाबांचं मन मोडवत नव्हतं. मॅन्युअल उघडून काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं या पानावर आहे तेवढंच करायचं आणि पॅड मला दाखवायचे. आधी कस्टमरला आत सोडत नाही वगैरे झालं, मग आत नेलं. मेकॅनिक पोरगा चांगला होता, चाक काढून टॉर्च मारून दाखवलं, आतल्या पॅडला पाच मिमी, बाहेरच्याला त्याहून थोडं जास्त. मी ॲडव्हायजरकडे बघितलं, तो टॅबलेटकडे बघत होता. म्हणाला सर मग नेक्स्ट टाइम बघू.

डीकार्ब, क्लिनिंग, डिसइन्फेक्टंट, अँटी-रस्ट, पॅड सगळं कटाप, एसी फिल्टर पण घरी करतो म्हणून काढायला लावला. बिल दहा हजारांच्या आत आलं. टक टक खरंच लिंक रॉडच निघाला, काकांना साष्टांग नमस्कार, कंपनीवाल्यांनी स्वतःच हलवून दाखवला आणि तो वॉरंटीत बसतोय का बघतो म्हणालेत, बसला नाही तर बाहेर करीन. सतरा हजारांना नाही म्हणून आलो. त्याऐवजी दर महिन्याला दोन हजार वेगळ्या खात्यात टाकायचं ठरवलंय, क्लच किंवा बॅटरी गेली तर त्यातून. हे बरोबर आहे का? बाबा अजून घुश्शात आहेत पण बिलाचा आकडा बघून जरा गप्प झालेत.

पीथमपूर_रिटायर्ड:
बरोबर आहे, पण पहिला खर्च क्लचचा नाही टायरचा येईल. पहिलेच टायर असतील तर पाच वर्षं झाली. टायरच्या कडेला डॉट म्हणून जी ओळ असते तिच्या शेवटी चार आकडे बघ, ३८२० असेल तर २०२० सालचा अडतिसावा आठवडा. खाचेत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिमी उरलं, मग बदलायलाच हवा. पण खाच भरपूर दिसली तरी बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडल्या असतील तर त्या टायरवर पोराबाळांना घेऊन मे महिन्याच्या उन्हात धुळ्याच्या रस्त्याला लागायचं नाही.

दुसरं, मोबाइलवर कंपनीच्या साइटवर जाऊन चेसिस नंबर टाकून रिकॉल आहे का, म्हणजे काही दोषामुळे कंपनीने तुझी गाडी परत बोलावलीय का, ते बघ. रिकॉलचं काम वॉरंटी संपली तरी फुकट करून देतात, काउंटरवर आपणहून कोणी सांगतीलच असं नाही.

सुदामानगरी:
रिकॉल काही दिसत नाहीये. टायर बघून आलो, चारही ३४२० आहेत, पुढच्या दोन्हींना बाजूने चिरा दिसताहेत. मागचे बरे वाटतात. दोनच बदलले तर चालतील का, आणि नवीन पुढे घालायचे ना?

स्टेपनी:
दोनच घेणार असाल तर नवीन मागे घाला, आत्ताचे मागचे पुढे आणा. दुकानवाला उलटं सांगेल. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही, पुढची घसरली तर निदान वेग कमी करून ताब्यात येते. पण चारही एकाच वयाचे आहेत तर मेच्या आधी मागच्यांच्या चिरा परत एकदा बघा. आणि स्टेपनीचा कोड बघितलात का?