'हीलिंग स्टाफ'ला मराठीत काय म्हणावं?

मालवणात सुट्टीला भाच्यांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून साहसाची गोष्ट रंगवायचा खेळ खेळतोय, सगळं मराठीतच चालवायचं ठरवलंय. ढाल, तलवार, चिलखत जमलं, पण 'स्टाफ ऑफ हीलिंग'पाशी, म्हणजे जखमा भरणाऱ्या जादूच्या लांब काठीपाशी अडलोय. स्टाफ म्हटलं की पोरांना दवाखान्यातल्या सिस्टर आठवतात. 'जादूची कांडी' चालेल? की 'आरोग्यदंड'?

—

कांडी नको दादा. कांडी म्हणजे हातभर, ती 'वाँड'ला राखून ठेवा, त्या खेळात दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत. आणि दंड म्हटलं की आधी पावती फाटते, शिवाय राजदंड काय धर्मदंड काय, सगळे धाक घालणारे, इथे तर बरं करायचंय. सरळ काठी म्हणा. काठी शब्द हलका वाटेल ही भीती नको, आपल्या सिंधुदुर्गात दसऱ्याला लुगडी नेसवलेले देवाचे तरंग निघतात त्यांनाही तरंगकाठीच म्हणतात ना.

'आरोग्य' पण मला पटत नाही, आरोग्य म्हणजे मुळात रोग नसणं, खेळात तर जखम झालेली असते आणि ती भरायची असते. घरात आपण काय विचारतो? "गुण इलो काय?" औषधाला गुण येतो, वैद्याच्या हाताला गुण असतो. म्हणून माझं मत 'गुणकाठी'.

—

गुणकाठी एकदम आवडलं ताई! आता 'चार्ज'चं, म्हणजे काठीत साठलेल्या जादूच्या मापाचं काय? त्या काठीत 10 चार्ज असतात, साधी जखम भरायला 1 पासून 4 पर्यंत लागतात, सगळ्यांना एकदम बरं करायचं तर 5.

—

'वेढे' म्हणा. आमची आजी बाळगुटी करताना सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकून वेखंडाचं कांडं धरायची आणि एक गोल फिरवून लगेच उचलायची, तान्ह्याला वेखंडाचा एकच वेढा, सुंठीचा एक, हळकुंडाचे दोन, आणि आईने जरा जास्त उगाळलं तर सगळं पुसून परत पहिल्यापासून. औषध मोजून द्यायचं आणि कांडं झिजत जातं, दोन्ही त्या शब्दात आहे. मात्रा म्हटलंत तरी चूक नाही, पण वेढा दिसतो डोळ्यांसमोर.

—

आणि 2 वेढ्यांत विष उतरवणारा, आंधळेपणा घालवणारा मंत्र आहे, त्याला 'उतारा' म्हणू का? विषावर उतारा म्हणतोच आपण, पण पोरं तिठ्यावरचा नारळ-लिंबू समजतील.

—

समजू देत की, तोही बाधा काढायलाच ठेवतात. उताराच ठेवा.

—

ठेवला. काल खेळलो. धाकटा ओरडला, "मामा, माझो एकच वेढो उरलो!" शेवटचा वेढा वापरला की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि 1 पडला तर काठी उजेडात कायमची नाहीशी होते, त्यामुळे तो ती वापरायलाच तयार नव्हता. 17 पडले, वाचली. पहाटे सहा बाजूंचा फासा अधिक 4 एवढे वेढे परत येतात, त्याला थोरल्या भाच्याने आपणहून शब्द काढला, 'भरती'.