शब्दचर्चा : डेलिगेट – बांधलेला की शब्द दिलेला?

ओसरी
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकी पक्षांच्या उमेदवारनिवडीवरचा लेख मराठीत करते आहे. 'प्रायमरी' (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान) तशीच ठेवली, कारण 'प्राथमिक' म्हटलं की डोळ्यांपुढे शाळा येते. अडलंय ते 'डेलिगेट'पाशी, म्हणजे राज्यातून पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवारासाठी मत देणाऱ्या माणसापाशी.

२००८ च्या निवडणुकीसाठी मिशिगन आणि फ्लोरिडा या राज्यांनी ठरलेल्या तारखेच्या आधीच प्रायमरी घ्यायचं ठरवलं, म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे सगळे डेलिगेट रद्द केले. पुढे ३१ मे रोजी पक्षाच्या नियम समितीने तडजोड काढली. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'दोन्ही राज्यांच्या अर्ध्या प्रतिनिधींना मान्यता मिळाली.' रात्री आकडे जुळवायला बसले, तर फ्लोरिडात हिलरी क्लिंटन यांच्या नावापुढे साडेबावन्न! अर्धा माणूस आला कुठून?

जर्सीचा_जावई
ओसरीताई, माणूस अख्खाच होता, मत अर्धं होतं. समितीने सगळे डेलिगेट अधिवेशनात घेतले, पण प्रत्येकाच्या मताची किंमत निम्मी केली. क्लिंटन यांचे १०५ जण म्हणून साडेबावन्न मतं, ओबामांचे ६७ म्हणून साडेतेहेतीस.

गंमत म्हणजे त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षानेही याच दोन राज्यांना शिक्षा केली, पण ती डोकी मोजून. फ्लोरिडाचे ११४ होते त्याचे ५७ केले, मिशिगनचे ६० होते त्याचे ३०. म्हणजे तुमचं वाक्य चूक नाही, फक्त ते दुसऱ्या पक्षाचं आहे. 'अर्ध्या प्रतिनिधींना' आणि 'प्रत्येकी अर्धं मत', मराठीत शब्द जरा सरकला की पक्ष बदलतो.

(ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात पूर्ण मतं परत मिळाली. तोवर उमेदवार ठरून गेला होता, त्यामुळे उदार व्हायला कुणाचं काही जात नव्हतं.)

गोठ्यातून
ताई, 'प्रतिनिधी' लिहू नका. तिथल्या संसदेचं एक सभागृहच प्रतिनिधिगृह, वाचणारा गोंधळणार. आमच्या कोल्हापूर भागात या माणसाला नाव आहे : ठरावधारक.

दूध संघाची नाहीतर जिल्हा बँकेची निवडणूक लागली की गावातली संस्था बैठक घेते, ठरावबुकात लिहितात, 'संस्थेच्या वतीने मतदान करण्यास श्री. अमुक यांना अधिकार देण्यात येत आहे', खाली सूचक, अनुमोदक, सही-शिक्का. मग पुढाऱ्यांची मोजणी माणसांत होतच नाही. 'त्यांच्याकडं किती ठराव?' एवढंच विचारतात. आणि एकदा ठराव झाला की त्या माणसाला मतदानापर्यंत सहलीला न्यायचं, मोबाईल बंद. तुमच्या अमेरिकेत डेलिगेट फुटतात का, तेवढं सांगा.

ओसरी
शब्द झकास आहे हो, पण अर्धाच बसतो. तुमच्या ठरावात मत *कोण* देणार ते लिहिलेलं असतं, *कुणाला* देणार ते नसतं. म्हणून तर सहली काढाव्या लागतात. अमेरिकेतल्या बहुतेक डेलिगेटांच्या बाबतीत मतदारांनी दुसरी गोष्टही ठरवून दिलेली असते.

जर्सीचा_जावई
'ठरवून दिलेली' म्हणजे किती घट्ट, हेच तर तिथलं जुनं भांडण. त्यासाठी 'प्लेज्ड' (शब्द दिलेला) आणि 'बाउंड' (बांधलेला) असे दोन वेगळे शब्द आहेत आणि मराठी बातम्यांत दोन्हींचं भाषांतर 'बांधील' असंच होतं.

१९८० मध्ये डेमोक्रॅट्सचा नियम कडक होता : ज्याच्या नावावर निवडून आलात त्यालाच पहिल्या फेरीत मत द्या, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस आणू. तेव्हाचे अध्यक्ष कार्टर पुढे होते. त्यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी एडवर्ड केनेडींनी न्यूयॉर्कच्या अधिवेशनात मागणी केली की डेलिगेटांना मोकळं करा. मतदान झालं, १,९३६ विरुद्ध १,३९० असे केनेडी हरले आणि तिथेच त्यांची उमेदवारी संपली. पण पक्षाला तो नियम बोचला असावा, कारण पुढच्या वेळेपर्यंत तो सैल झाला. ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना डेलिगेटाने मनाला स्मरून मांडाव्यात, एवढंच उरलं. आजही तसंच आहे. म्हणजे डेमोक्रॅट डेलिगेट 'शब्द दिलेला', आणि रिपब्लिकन डेलिगेट बहुतेक राज्यांत नियमाने 'बांधलेला'.

२०१६ ला क्लीव्हलँडच्या रिपब्लिकन अधिवेशनात ट्रम्पविरोधकांनी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला होता, तो फसला.

जुनी_दप्तरं
'मनाला स्मरून' छान आहे, पण आपल्याकडे मंत्र्यांच्या शपथेत 'निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने' असं आहे. तेच घ्या, 'शुद्ध बुद्धीने'. मराठी वाचकाला त्यातली पळवाट न सांगता कळेल.

आणि 'डेलिगेट' हा शब्द आपल्याला परका मुळीच नाही. काँग्रेसच्या जुन्या आठवणी उघडा, पानोपानी डेलिगेट आहेत. १९०७ ला सुरतेत अध्यक्षाच्या निवडीवर टिळक बोलायला उभे राहिले आणि मंडपात जोडा उडाला, तो फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी दोघांना लागला. जोडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण खरी मात पुढच्या वर्षी झाली, नियमांत. १९०८ च्या घटनेप्रमाणे काँग्रेसच्या ध्येयावर सही करील तोच डेलिगेट, आणि डेलिगेट निवडायचे कुणी तेही आखून दिलेलं. टिळकांचा गट बाहेरच राहिला. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात तो नियम सैल केला, तेव्हा कुठे टिळकांच्या गटाला १९१६ च्या लखनौ अधिवेशनाचा रस्ता उघडला. म्हणून माझं मत, 'डेलिगेट'च ठेवा.

ओसरी
काका, पटलं. डेलिगेट कायम. आता मिशिगन. तिथे ओबामांनी मतपत्रिकेवरून स्वतःचं नाव काढून घेतलं होतं. क्लिंटन यांना ५५ टक्के आणि ४० टक्क्यांच्या आसपास 'अनकमिटेड' नावाच्या रकान्याला. याला 'नोटा' म्हणू?

जर्सीचा_जावई
नको! नोटाचं बटण दाबून कुणी निवडून येत नाही. इथे त्या रकान्याच्या वाट्याला चक्क माणसं येतात, फक्त ती कुणाच्याच नावाची नसतात. ५५ डेलिगेट आले होते. समितीने ते ओबामांना दिले, वर क्लिंटन यांच्या ७३ मधले चार काढून तेही दिले. ६९ विरुद्ध ५९. क्लिंटन यांचे सल्लागार आणि समितीतलेच एक सदस्य हॅरल्ड आइक्स या चारांवरून भर बैठकीत भडकले. यांनीच आदल्या वर्षी सगळे डेलिगेट रद्द करायच्या बाजूने मत दिलं होतं, हे सोडा. ठराव १९ विरुद्ध ८ ने पास.

आणि 'अनिश्चित' तर अजिबात लिहू नका. २०२४ ला याच मिशिगनमध्ये एक लाखावर लोकांनी गाझाच्या प्रश्नावर बायडेन यांना इशारा म्हणून हाच रकाना भरला. त्यांचं मन पुरतं ठरलेलं होतं.

गोठ्यातून
मग 'मोकळा' म्हणा की. बांधलेला, शब्द दिलेला आणि मोकळा. गोठ्यात पण तीनच प्रकार.

ओसरी
तीन नव्हे, चार. डेमोक्रॅट्सचे सुपरडेलिगेट राहिले. खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी, हे प्रायमरीतून न येता थेट येतात. 'महाप्रतिनिधी' वाचून हसू आलं.

जुनी_दप्तरं
पदसिद्ध. सोसायटीपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे चालतो तो शब्द.

जर्सीचा_जावई
चपखल. फक्त तळटीप द्या : २०१८ च्या बदलानंतर निकाल आधीच पक्का नसेल, तर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही.

ओसरी
सुधारलेलं वाक्य : 'दोन्ही राज्यांचे सगळे डेलिगेट ग्राह्य धरले, मात्र प्रत्येकाचे मत अर्धे मोजायचे ठरले.' जाऊ दे का छापायला?

गोठ्यातून
जाऊ दे. पण त्या अर्ध्या मतवाल्यांना डेन्व्हरला जेवण पूर्ण मिळालं का, तेवढं विचारून सांगा.