मदत हवी आहे: वडील स्टॅटिन घेतात, को-क्यू-टेन सुरू करावे का?

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. गेली कित्येक वर्षे ते आठवड्यातून तीनदा तरी पर्वती चढतात, परंतु गेल्या पावसाळ्यापासून त्यांना निम्म्या पायऱ्यांवरच टेकावे लागते. धाप लागत नाही, छातीत दुखत नाही. मांड्या भरून येतात, एवढेच ते सांगतात. कोलेस्टेरॉलसाठी दोन वर्षांपासून त्यांना रोज रात्री २० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातले औषध चालू आहे.

पर्वतीवरच्या एका स्नेह्यांनी त्यांना को-एन्झाइम क्यू-टेनची बाटली आणून दिली आहे. ‘पेशींना ऊर्जा, वयावर मात’ अशी भाषा वाचली की माझा हात आपोआप पाकीट सांभाळायला जातो. तरीही थोडे वाचल्यावर हे प्रकरण अगदीच पोकळ वाटले नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी १९५७ साली गुरांच्या हृदयातील मायटोकाँड्रियांतून (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतून) हे द्रव्य वेगळे केले. पेशीत एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, तयार होताना इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवण्याचे काम ते करते, आणि आपले शरीर ते स्वतःच बनवते. मात्र ज्या रासायनिक वाटेने कोलेस्टेरॉल तयार होते, त्याच वाटेच्या एका फाट्यावर हेही तयार होते. स्टॅटिन ती वाट फाट्याच्या बऱ्याच अलीकडे अडवते, त्यामुळे रक्तातील क्यू-टेनही घटते. इथवर मला पटते. परंतु मांड्या त्यामुळेच दुखतात आणि कॅप्सूल घेतल्यावर थांबतील, हे मानायला मन तयार होत नाही. कोणाला अनुभव आहे का? युबिक्विनॉल नावाचा महाग प्रकार खरोखर वेगळा असतो का?

शिवाय वडिलांचा आग्रह आहे की आईनेही त्यातलीच कॅप्सूल घ्यावी. हृदयाची झडप बदलल्यापासून तिला वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे.

प्रतिसाद (औषधविक्रेता, कोथरूड):

आधी आपल्या आईंविषयी लिहितो, कारण खरी काळजी तिथे आहे. क्यू-टेनची रचना रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के सारखी असल्याने वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि कृत्रिम झडप असलेल्या रुग्णाला ते परवडणारे नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नये.

वडिलांच्या बाबतीत, स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायूदुखीवर क्यू-टेनच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत या कारणासाठी ते सरसकट देऊ नये असेच म्हटले आहे. त्याआधी थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासून घ्यावे असे मी सुचवेन. थायरॉइड मंदावलेले असेल तर स्टॅटिनचा स्नायूंना त्रास होण्याची शक्यता वाढते. स्टॅटिन मात्र मनाने बंद करू नये. मात्रा कमी करणे किंवा दुसरे औषध देणे डॉक्टरांच्या हाती असते. युबिक्विनॉल हे त्याच द्रव्याचे दुसरे रूप असून शरीर ही दोन्ही रूपे एकमेकांत बदलत असते. पुढे कधी घेतलेच, तर ते स्निग्ध पदार्थांत विरघळते, म्हणून जेवणाबरोबर घ्यावे.

धागाकर्ता:

मनापासून आभार. बाटली सध्या माझ्या कपाटात ठेवली आहे. बी-१२ कधीच तपासलेले नाही आणि आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे, हे आपला प्रतिसाद वाचेपर्यंत ध्यानातच आले नव्हते. तपासण्यांचे निकाल आले की इथेच लिहीन.